मुठीत मावणारे मोजे

बाबा, आज दुपारभर मी हातमोजे निवडत होते. तलवारीच्या सरावाचे. तुम्ही असतात तर हे ऐकून अंगणात पचकन थुंकला असतात आणि आईकडे बघून म्हणाला असतात, की हिला अजून अक्कल आलेली नाही. आई खाली मान घालून तांदूळ निवडत बसली असती. आता तुम्हीही नाही आणि आईही नाही, म्हणून मी चंद्रपूरच्या घरात चटईवर तीन जोड मांडून निवांत बसले होते. एकेक हातात घालायचा, मूठ आवळायची, मनगट फिरवून बघायचं. तुमचा आखाडा मी चालवते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. आता त्याला कुणी आखाडा म्हणत नाही. शाळेच्या सभागृहात संध्याकाळी मुलंमुली जमतात, तोंडाला जाळी बांधतात, बोथट तलवारी घेतात आणि जुनी युद्धकला शिकतात. पवित्रे सगळे तुमचेच. शिकवणारी तेवढी तुम्ही कधीच निवडली नसतीत अशी.

मोजे निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. क्रिकेटचे मोजे मुलं घरूनच घेऊन येतात. त्यांची गादी जाड असते, पण चेंडू येऊन आदळतो आणि तलवार कडेने येते. ती दोन बोटांमधल्या फटीत नेमकी शिरते. दुसरा जोड परदेशी धर्तीचा, कडक कवचाचा, चारही बोटं एकाच खोक्यात घालणारा. त्याच्यावर हातोडा मारला तरी आतल्या हाताला पत्ता लागायचा नाही. पण तो त्यांच्या लांब दांड्याच्या तलवारीसाठी केलेला. आपल्या तलवारीची मूठ आखूड, वर आडवी पट्टी, खाली चकती. त्यांच्यामध्ये उघडा हात कसाबसा मावतो, तिथे हे खोकं घालायचं कुठून? तिसरा जोड पातळ चामड्याचा, बोटाबोटावर वेगळ्या कडक पट्ट्या आणि अंगठ्याच्या टोकाला स्वतंत्र टोपी असलेला. तो मुठीत बसतो. मी कुठल्याही मोज्याचा आधी अंगठाच बघते. हातावर वार आला की पहिला अंगठा जातो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

भद्रावतीच्या घरामागचं अंगण, दसरा जवळ आलेला, मिरवणुकीत खेळ दाखवायचा म्हणून रोज सराव. मी नववीत, भाऊ माझ्याहून धाकटा. त्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी मोजे घेऊन येता. खाणीच्या वर्कशॉपमधले तुमचे जुने चामडी मोजे कापून, चांभाराकडून त्याच्या मापाचे शिवून घेतलेले. मी विचारते, माझे कुठे आहेत.

"काऊन वं, भाकर बी मोजे घालूनच थापतं का तू? त्याले उद्या हातानं नोकरी करा लागते."

मी डबा घेऊन वर्कशॉपात यायची तेव्हा तुम्हाला बघितलेलं होतं. कोपरापर्यंत मोजे चढवल्याशिवाय तुम्ही तापल्या लोखंडाला हात लावत नव्हता. तेच मी बोलले, आखाड्यातल्या पोरांच्या देखत. लाकडी तलवार उचललीत आणि मला समोर उभं केलंत. मुठीवर अंगठा उभा ठेवायची माझी खोड होती, आणि एरवी तुम्ही दहादा ओरडून तो आत घ्यायला लावायचात. त्या दिवशी ओरडला नाहीत. वाट बघितलीत आणि वरून मारलंत. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि मागोमाग तुमचा, "आता बोल." मग पोरांकडे वळून तुम्ही समजावून सांगितलंत की अंगठा बाहेर ठेवला की असं होतं.

आईने हळद-चुना बांधला. दवाखान्यात नेलं नाही, डॉक्टरने विचारलं असतं. रात्री भाकरी मलाच थापायला लावल्यात. एक जाड झाली म्हणून परत पाठवलीत. पुढे चिमूरचे पाहुणे मला बघायला आले आणि त्यांच्यातल्या एका बाईने चहाचा कप घेताना माझा अंगठा हेरला. तुम्ही हसत म्हणालात, दारात सापडला. इतक्या सफाईने, की क्षणभर मलाच ते दार आठवायला लागलं. त्या घरी माझं लग्न झालं. तिथे मी भाकरी डाव्या हाताने थापते म्हणून सासू लोकांना बोलावून दाखवायची. तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्हीही हसला होतात.

आता भावाची मुलगी माझ्याकडे शिकायला येते. शाळा सुटली की भद्रावतीहून बसने येते, शनिवार-रविवार माझ्याकडेच मुक्काम करते. तिचं मनगट थेट तुमचं आहे, आणि मला ते बघवत नाही. भाऊ स्वतः सोडायला आला होता. दारातच म्हणाला, "ताई, पोरीच्या बोटाले काई नाई झालं पाह्यजे." डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. तो त्या दिवशी अंगणातच होता, नवे मोजे घालून. माझ्या बोटांसाठी असं कधी कुणी बोललं नव्हतं. मी त्याला काळजी करू नको म्हटलं आणि आत जाऊन बराच वेळ भांडी आपटत राहिले.

तर आज तो तिसरा जोड पक्का करायचा होता. वार झेलून बघितल्याशिवाय मोजा कळत नाही. आधी मी स्वतःच्या हातावर घेऊन बघितला, पण डाव्या हाताने मारताना जोर बसेना, आणि माझ्या अंगठ्याला एवीतेवी काही कळत नाही. पोर समोरच बसली होती. तिनेच हात पुढे केला. मोजा घालून तिने मूठ धरली आणि मी लाकडी तलवारीने बेताचा वार केला, बरोबर टोपीवर. ठक्क आवाज आला. तिने मोजा काढला, अंगठा वाकवला, सरळ केला, कुठे साधा लाल डागही नव्हता. ती हसायला लागली. "आत्या, लागलंच नाई. मले तं समजलं बी नाई." मोजा तिने पुन्हा घातला, मला दाखवायला.

हे तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. माझं हे वाकडंतिकडं अक्षर बघून तुम्ही चार लोकांत वाचून दाखवलं असतंत. कागद चुलीत घालीन. पण एक गोष्ट भावाला सांगता येत नाही, तिलाही नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिला लागलं नाही, याचा मला राग आला. मी म्हटलं, नीट कळलं नाही, अजून एकदा बघू. तिने हसत हात पुढे केला आणि मी दुसरा वार पूर्ण ताकदीने, वरून केला. मोज्यांची परीक्षा पहिल्याच वाराला संपली होती.