दोघींची थायरॉइडची गोळी

माजिवडा, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. वैशालीवहिनीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून लिहितेय. आईच्या जिवावरचा धोका टळलाय. पण गेल्या शुक्रवारी तिला इथे माझ्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा तिची छाती इतकी धडधडत होती की, इतकी वर्षं नर्स असून मी नाडी दोनदा मोजली.

तू तिला महिनाभर तुझ्या गोळ्या दिल्यास? अगं, तुझी थायरॉइड मंद, तिची आधीच उधळलेली. तिला लगाम घालणारी गोळी लागते, तुझी टाच मारणारी. गोळी म्हणजे काय वाटीभर साखर आहे, शेजारणीला दिली-घेतली? अडाण्यासारखं वागलीस. वर भेटायलाही येत नाहीस.

दादाला नमस्कार. लोभ सध्या माझ्याकडूनच कमी आहे.

संचिता

कोपर, डोंबिवली
१५ नोव्हेंबर २०२४

चि. संचितास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. चूक माझीच, ती मी नाकारत नाही. दोघींना थायरॉइड, दोघींची गोळी सकाळी उपाशीपोटी, मला वाटलं एकच औषध. पण आईंच्या गोळ्या संपल्या, तेव्हा तुला विचारते म्हणून मी फोन हातात घेतला होता. आईंनी तो काढून घेतला. म्हणाल्या, संचिताला कळवू नकोस, ती पुन्हा चार लोकांत माझी अक्कल काढेल. आमच्या मेघनाच्या साखरपुड्यात गोळी चुकली म्हणून तू त्यांना पाहुण्यांदेखत झापलंस, ते त्या विसरलेल्या नाहीत. मीही नाही. भेटायला का येत नाही, ते आता तूच ठरव.

आईंना जप. माझ्यावरचा राग त्यांच्यावर काढू नकोस.

तुझी वहिनी,
वैशाली

माजिवडा, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं आणि मी आणखीच भडकले. रागातच आईकडे गेले, हे खरं का म्हणून विचारायला. शेजारच्या खाटेवरच्या आजी गोळी थुंकत होत्या, म्हणून आधी त्यांच्यापाशी बसले. समजावून, पाठीवरून हात फिरवून ती घ्यायला लावली. आई बघत होती.

मी वळले तेव्हा ती हळूच म्हणाली, “परक्यांशी किती गोड बोलतेस गं तू.”

जे विचारायला गेले होते, त्याचं उत्तर मिळालं. वहिनी, पत्र मिळताच ये. ती तुझी वाट बघतेय.

संचिता