पेपराच्या शेवटच्या पानावरचं भोक

बाबा, पेपरातली चित्रं तुम्ही कोणाला नेऊन देत होतात, हा संशय मी चाळीस वर्षं पोसला. अहेरीच्या लाकूड डेपोत साहेबांचा वाचून झालेला पेपर तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी आणायचात. मी आधी शेवटचं पान उघडायचे. तिथे कोल्हा, अस्वल आणि कधी कधी स्वतःला फार शहाणा समजणारा वाघ यांची चार चौकटींची गोष्ट असायची. वाघाची फजिती झाली की मी पोट धरून हसायचे. पण मोहफुलं पडायला लागली की मधूनच त्या जागी नुसतं भोक. ब्लेडनं नीट कापलेलं.

"काऊन कापलं, बाबा?"

"मले काय माहीत? डेपोतल्या कोणी नेलं असन."

खोटं बोलताना तुम्ही टोपी काढून डोकं खाजवायचात. तेव्हाही खाजवलंत. मला वाटलं, कुठेतरी तुमची दुसरी, जास्त लाडकी पोरगी आहे. आई पहाटेच मोह वेचायला जंगलात गेली होती. ती परतताच मी तिच्या कानाशी लागले. टोपली तशीच ठेवून ती तुमच्यापुढे उभी राहिली. "कोणाच्या पोरीले देऊन राह्यले चित्रं? सांगा ना!" तुम्ही टोपी घालून बाहेर निघून गेलात. मग ती ताट वाढायची, पण तुमच्याशी बोलायची नाही. तुम्ही गेलात तोपर्यंत तुटकच राहिली.

परवा तुमची पेटी उपसली, तर खाकी शर्टाखाली ती सगळी चित्रं. एकूण एक चित्रात वाघ आहे. मी संशयी ती संशयीच, मागे कोणाचं नाव लिहिलंय का तेही उलटून पाहिलं. नव्हतं. मग आठवलं, जंगलात जायच्या दिवसांत आई घरात वाघाचं नाव काढू द्यायची नाही आणि तुम्ही तिची टर उडवायचात. "नावानं का येते तो? सरकारी माणूस आहो मी, मले नोको सांगू." आणि हाच सरकारी माणूस, ती जंगलात असताना घरात त्याच्यावर कोणी हसू नये म्हणून ब्लेड चालवत होता! चित्रं जाळायलाही घाबरलात. एवढा जीव होता तिच्यावर, तर एकदा सांगायला काय जात होतं? राग येतो मला तुमचा.

आई आता थकली आहे. मागच्याच आठवड्यात म्हणाली, "त्या पोरीनं तरी केलं का बापाचं काही?" चित्रं तिच्यासमोर ठेवायला मी दोनदा उठले आणि पुन्हा बसले. कारण लहानपणी मी तिच्या कानाशी लागले तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "सोताच्या डोयानं पाह्यलं का तुनं?" आणि मी म्हणाले होते, हो, स्टँडवर पाहिलं, लाल फ्रॉक घातलेली होती. बाबा, मी कोणालाच पाहिलं नव्हतं.