दुनळीची वाजवी किंमत

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालायला काही लागत नाही. प्रत्यक्षात माझा उजवा गुडघा वाकायचं नाव घेत नाही, तेव्हा जेवढी अंगं टेकतील तेवढी टेकली असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? मागच्या कार्डावर तू 'इकडे थंडी आहे' एवढंच लिहिलं होतंस आणि त्याच्या आधीच्या कार्डावर 'इकडे थंडी नाही'. त्यावरून तू ठणठणीत असावास असा मी अंदाज बांधला आहे. इकडे मी बरा आहे, आमची ही माझ्यापेक्षा बरी आहे, चष्म्याचं दुकान कसंबसं चालू आहे आणि बाबा बरे नाहीत. ते पुढे येईलच.

पत्राचं कारण बाबांची दुनळी बंदूक आहे. हे वाचून तू पत्र फाडणार नाहीस अशी आशा आहे. फाडलंसच तर आडवं फाड, म्हणजे खालचा भाग तरी वाचता येईल.

महिन्यापूर्वी बाबांनी मला खाटेशी बोलावलं. त्यांच्या फुप्फुसांनी संप पुकारलाय, एका श्वासात तीन शब्दांपलीकडे जात नाहीत. पण चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस खाटेवर पडला तरी मोजायचं काही सोडत नाही. औषधाच्या बाटलीवर रोज पेन्सिलीने रेघ मारतात. डॉक्टर नाडी बघायला लागले की हे दुसऱ्या हातात घड्याळ धरून डॉक्टरांचीच परीक्षा घेतात. (एकदा डॉक्टर चार ठोके चुकले. तेव्हापासून ते आमच्याकडे जरा घाबरतच येतात.) तर बाबा थांबत थांबत म्हणाले, दुनळीची वाजवी किंमत काढून आण, आणि ऐकीव आकडा चालणार नाही. मोजणी जागेवर जाऊन करायची असते, हे त्यांचं वाक्य तुला वेगळं सांगायला नको. आपल्या दोघांना शाळेच्या मैदानाभोवती फीत धरून फिरवलं होतं, कारण मास्तरांनी सांगितलेली लांबी त्यांना पटली नव्हती.

मला खरं तर नाही म्हणायचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तूही त्या बंदुकीची किंमतच काढली होतीस. तुला ट्रक घ्यायचा होता, तू गिऱ्हाईक आणून बाहेरच्या खोलीत बसवलंस, आणि बाबा त्या परक्या माणसासमोर म्हणाले की या बंदुकीची किंमत तुझ्यापेक्षा जास्त आहे. तू बुटाच्या नाड्या न बांधता निघून गेलास. मी दाराआड उभा होतो आणि तोंडातून ब्र काढला नाही. त्याची मला अजून लाज वाटते. हे कार्डावर लिहिता येत नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.

असो. किंमत काढायची तर वस्तू स्वच्छ हवी, असा मी विचार केला. (आयुष्यात मी जेव्हा जेव्हा विचार केलाय तेव्हा काय झालंय ते तुला माहीत आहे.) तीन दिवस मी दुकानात बसून ती बंदूक घासली. पितळेचं पॉलिश झालं, मग भिंगांवरचे ओरखडे काढायची पूड झाली, शेवटी चष्मे पुसायचं मऊ फडकं. तिचा तो काळपट, निळसर, म्हाताऱ्यासारखा रंग पार गेला आणि ती चमच्यासारखी लखलखायला लागली. एका बाईंनी काचेतून बघून नवीन फ्रेम आली का म्हणून विचारलं. मला इतका अभिमान वाटला की मी घरी येऊन दोनदा जेवलो.

मग पोलीस ठाण्याचं परवानगीपत्र काढून, पेटी मांडीवर घेऊन बसने निघालो. शेजारच्याने पेटीत काय आहे विचारलं. वाद्य आहे म्हणालो असतो तर विषय संपला असता. पण मी खरं बोललो. पुढच्या थांब्यापर्यंत माझं बाक, मागचं बाक आणि पुढचं बाक रिकामं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पाय पसरून खिडकीची जागा मिळाली आणि भीतीने खिडकीबाहेर बघताही आलं नाही.

किंमत करणारा एक वयस्क गृहस्थ आहे, सगळे त्याला 'भिंग' म्हणतात. डोळ्यात भिंग अडकवलेलं असतं आणि ते काढलं की माणूस उघडा वाटतो. त्याच्या खोलीत एक टेबल, एक दिवा, एक तराजू, बाकी सगळा तेलाचा वास. त्याने आधी तीन ठिकाणचे आकडे ताडून पाहिले, नळ्यांवरचा, मधल्या भागावरचा आणि पुढच्या लाकडावरचा. तिन्ही जुळले, म्हणजे बंदूक तुकडे जोडून केलेली नाही, एकाच हातची आहे. कोरलेली बदकं बघून तो चक्क हसला. या कारागिराच्या फार थोड्या उरल्यात, म्हणाला. मी मनातल्या मनात घराचं छप्पर बदललं, तुला ट्रक घेऊन दिला, आणि त्या ट्रकच्या रंगावर आपलं भांडण चालू होतं एवढ्यात त्याने दिवा जवळ ओढला. कुणी घासली, त्याने विचारलं. मी म्हणालो, मीच. दादा, तो माणूस रडवेला झाला. म्हणाला, तुम्ही शंभर वर्षं पुसून टाकलीत. घेणारा त्या काळपट रंगाचेच पैसे मोजतो म्हणे. छप्पर गेलं.

पण खरा घाव पुढेच होता. त्याने दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, फीत लावून मोजला आणि मान हलवली. मग बंदूक पेटीत ठेवून दाखवली. पेटी अगदी अंगाबरोबर बेतलेली आहे, पण दस्त्याच्या टोकाला चार बोटं मोकळी राहतात. तिथे ती फडक्याची गुंडाळी असते ना, जिला आपण नळी साफ करायचं सामान समजत होतो? त्याने ती सोडली. आत लाकडाचा तुकडा निघाला. दस्ता कुणीतरी करवतीने कापला होता. अशी बंदूक संग्राहक हातात घेत नाहीत, म्हणाला, आणि किंमत सांगितली. एक बऱ्यापैकी कपाट येईल, आरशाविना.

मी म्हणालो, आमच्या वडिलांना फसवलं कुणीतरी, कापलेलीच विकली. तेव्हा त्याने पेटीच्या झाकणाचं मखमली अस्तर उचललं. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ज्या साहेबांकडून बाबांनी पाच वर्षं पोटाला चिमटा घेऊन बंदूक विकत घेतली, त्यांच्या हातची. 'दस्त्याला करवत लावू नये. लावल्यास ही बंदूक कवडीमोल होईल.' त्याखाली बाबांची सही, तारीख, आणि सरकारी शिरस्त्याप्रमाणे 'वाचले, समजले'. मी लाकडाचा तुकडा उलटा केला. कापलेल्या बाजूवर पेन्सिलीने, बाबांच्याच बारीक अक्षरात, सहीनंतर बरोबर नऊ दिवसांची तारीख. पुढे 'थोरला, वय बारा. खांदा ते बोट', आणि आकडा.

आठवतं का तुला, तू डबे उडवायचास आणि मी गोळा करायचो? तुझ्या खांद्याला ती बरोबर बसायची. आपल्याला वाटायचं, बंदूक असतेच तेवढी.

परतीच्या बसमध्ये मला कुणी काही विचारलं नाही. घरी येऊन बाबांना कपाटाचा आकडा सांगितला. घासल्याचंही सांगितलं, कारण ते त्यांना चकाकीवरून दिसलंच असतं. त्यांना कशाचंच आश्चर्य वाटलं नाही. दादा, त्यांना तो आकडा अकरा वर्षांपूर्वीही ठाऊक होता, ते वाक्य बोलतानाही. थोडा वेळ श्वास जमवून म्हणाले, लिही त्याला. मग पुन्हा जमवून म्हणाले, लाकडाचंही लिही. मला जागेवर कशाला पाठवलं होतं ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. स्वतःच्या तोंडाने म्हणायला त्यांना जमत नव्हतं, म्हणून मोजणीदार नेमला.

तर हे लिहिलं. बाकी सर्व क्षेम. थंडी आहे की नाही ते कळवत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. बंदुकीचा परवाना नावावर करायला दोन्ही मुलांना कचेरीत समक्ष सही करावी लागते. मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. तेव्हा कागदपत्रांसाठी म्हणून तरी ये.

ता. क. दोन. वरचं खोटं आहे. तुझी सही कुठेच लागत नाही, मी कचेरीत विचारून आलो. कागदपत्र म्हटलं की तू हातचं काम टाकून येतोस, म्हणून लिहिलं. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नाहीत, आठवड्यांतही बोलत नाहीत.

ता. क. तीन. आज सकाळी पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबांनी तो लाकडाचा तुकडा मागून घेतला. मुठीत धरून, श्वास जमवत विचारलं, आता किती असेल त्याचा हात, खांद्यापासून बोटापर्यंत? मी म्हणालो, कधी मोजला नाही. ते म्हणाले, विचार. म्हणून विचारतोय. आकडा कार्डावर लिहून पाठवू नकोस. ऐकीव आकडा ते धरणार नाहीत. फीत त्यांच्या उशाशी ठेवली आहे.