मस्कीसाठी नवी तार

पुंगोल, १७ नोव्हेंबर २०१६

प्रिय राधिका,

या पाकिटात तारा आहेत. आता पाठवू नकोस, सीझन संपत आला, असं तू लिहिलं होतंस. तरी पाठवतो आहे. कुरिअरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, ओटावाला आठवड्याच्या आत पोचेल. तुला ऑफिसला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. त्याआधी हे तुझ्या हातात असेल. आणखी तीन वर्षं तिथं, की डिसेंबरात परत. परत येते, असं तू परवाच्या मेलमध्ये लिहिलंस. मला त्याबद्दलच बोलायचं आहे, पण आधी तारांचं सांगतो. ते मला नीट सांगता येतं.

इथल्या टोमॅन माशाला वीतभर बारीक तार पुरते. तो आमिष तोंडात घेतो, वळतो आणि तळाकडे पळतो. दातांनी दोरा कापला जाऊ नये एवढंच तारेचं काम. तुमच्या नदीतला मस्की पळत नाही, गिरक्या घेतो, दोरा स्वतःभोवती गुंडाळून घेतो, असं मी वाचलं. म्हणून या तारा हातभर लांब आहेत आणि जाड. दोन्ही टोकांना फास, फासावर नळी, नळी दोन जागी दाबलेली. नळ्या नव्या आणल्या आणि दाबायची पक्कडही नवी. प्रत्येक तार मी दाराच्या कडीला अडकवली आणि सगळं वजन टाकून मागे ओढून पाहिली. आई सोफ्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, सारंगराव, दार उचकटलं तर घरमालकाला काय सांगायचं? मासा आला होता म्हणून?

तुझी आई बरी आहे. तू गेल्यावर तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, आता इथं राहायचा पास वाढवत वाढवत राहिल्या आहेत. पुण्यातले नातेवाईक हसतात, जावई सासूला सांभाळतो म्हणे. खरं तर सांभाळतात त्या. मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून घरी येतो तेव्हा भात झालेला असतो. वेंगुर्ल्याच्या माणसाला न पटणारी गोष्ट त्यांना अजून पटलेली नाही. तुझे फोटो आले की दर वेळी तेच. मासो धरूचो आणि परत सोडूचो, मगे जेवूचा काय? मी म्हणतो, आई, त्यात कौशल्य असतं. त्या म्हणतात, शिजवण्यातही असतं.

मला मात्र ते तुझ्याकडे बघून पटलं. लोअर सेलेटारच्या जेटीवर मी तुझ्याबरोबर यायचो तो जाळं धरायला. तू फेकायचीस, मी बांधायचो आणि जाळं धरायचो. ही वाटणी कधी ठरवली नव्हती. टोमॅन म्हणजे आपल्याकडच्या मरळीचा थोरला भाऊ, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. त्याची पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात लालसर ढगासारखी तरंगायची आणि खाली आईबाप दोघंही राखण करायचे. त्या ढगात काहीही टाकलं की ते धावून यायचे. भुकेनं नव्हे. जेटीवरचे सगळे तिथंच फेकायचे, कारण मासा हमखास. तू कधी फेकलं नाहीस. टोपीवाले अंकल तुला म्हणायचे, सिस्टर, फ्री फिश लाह, व्हाय यू डोन्ट वॉन्ट? तू म्हणालीस, अंकल, दे आर बिझी. सगळी जेटी हसली. त्यानंतर तिथं तुझं नावच मिस बिझी पडलं. त्या दिवशी तू रिकाम्या हातानं परतलीस आणि बसमध्ये खिडकीला डोकं टेकून शांत झोपलीस.

सामान निवडणं ही आवडीची गोष्ट आहे असं मला वाटायचं, कुणाला निळा शर्ट आवडतो तशी. बारीक दोरा, नाजूक रॉड म्हणजे हुशारी. जाड दोरा म्हणजे दांडगाई. तो तरुण बँकवाला आठवतो तुला? बारीक दोऱ्यावर मोठा टोमॅन धरून खेळवत राहायचा, बाजूचे लोक व्हिडिओ काढायचे. मासा अखेर कडेला यायचा तेव्हा कुशीवर झालेला असायचा. तो सोडायचा त्याला, पण मासा पोट वर करून तरंगत राहायचा. तू जाड दोरा लावायचीस, ताठ रॉड, मोठं रीळ, आणि मासा दमायच्या आत त्याला जाळ्याशी आणायचीस. व्हिडिओ काढण्यासारखं त्यात काही नसायचं. तो बँकवाला तुला म्हणाला, दिस इज नॉट फिशिंग, दिस इज टोइंग.  घरी आल्यावर मला म्हणालीस, सोडायचाच आहे ना, मग त्याला जायला ताकद उरली पाहिजे.

तेव्हा मला कळलं की सामान निवडताना तू माशाच्या बाजूनं विचार करतेस. आकड्यांचे उलटे काटे तू आधीच चेपून ठेवतेस, मासा सुटायची शक्यता वाढते तरी. आकडा खोल गेला तर मासा ओरबाडत नाहीस, पकडीनं आकडाच कापतेस. एकदा नवं कोरं जपानी आमिष होतं, पहिल्याच दिवशीचं. तू तिन्ही आकडे कापलेस आणि गुडघ्यांवर बसून त्या टोमॅनला पाण्यात सरळ धरून ठेवलंस, तो आपणहून शेपूट मारीपर्यंत. पाऊस आला होता. लोक छपराखाली गेले. अंकल तिथून ओरडत होते, सिस्टर, दॅट वन व्हेरी गारांग, डोन्ट नीड टु बेबी! इतक्या दांडग्या माशाचे लाड कसले, असं त्यांचं म्हणणं. मी जाळं घेऊन पावसात उभा होतो. मला तिथून हलावंसं वाटलं नाही.

ओटावाला गेल्यावर तू पाइक धरू लागलीस तेव्हा लिहिलं होतंस, हा आपल्या टोमॅनच्याच स्वभावाचा आहे, दिसलं की अंगावर येतो. मस्की त्याचाच भाऊबंद, पण तो अंगावर येत नाही, मागून येतो. आमिषाच्या मागं मागं होडीपर्यंत येतो, बघतो आणि जातो. म्हणून रॉडचं टोक पाण्यात बुडवून आमिष आठाच्या आकड्यासारखं फिरवायचं. इंग्रजी आठ, आपला मराठी नव्हे, हेही तू लिहिलं होतंस. त्याची तयारी तू इथूनच करून गेलीस. घराजवळच्या वॉटरवेवर, कालव्याच्या कठड्याशी उभी राहून नुसत्या रॉडनं हवेत आठ काढायचीस. संध्याकाळी पळायला येणारे थांबून बघायचे. एकानं मुद्दाम येऊन सांगितलं, आंटी, हिअर कॅनॉट फिश. तू म्हणालीस, नॉट फिशिंग. रायटिंग. तो बराच वेळ वळून वळून बघत गेला.

दोन उन्हाळे झाले. पाइक पुष्कळ, मस्की एकही नाही. जुलैत नदीचं पाणी तापलं तेव्हा तू मस्कीसाठी फेकणंच बंद ठेवलंस, कारण गरम पाण्यात तो झुंजून मरतो. सीझन आधीच लहान, त्यातले आठवडे तू आपणहून सोडून दिलेस. असं कोण करतं ते मला माहीत नाही. मी तुझ्याशिवाय कुणाला पाहिलेलं नाही.

आता मागच्या रविवारचं. तू लिहिलंस, मस्की लागला होता, आठाच्या दुसऱ्या वळणावर, होडीच्या अगदी कडेला. मग गेला. माझीच चूक, रीळ फार घट्ट ठेवलं, दोरा तुटला. सोबत फोटो. लाल जाकीट, रॉडच्या कड्यांत गोठलेलं पाणी, आणि तू हसते आहेस. फोटो काढणारा दाखव म्हणाला असेल, म्हणून हातात उरलेलं टोक वर धरलं आहेस. मी तो फोटो मोठा करून पाहिला. दोरा तुटला असता तर तार माशाबरोबर गेली असती. तार तुझ्या हातात आहे. तिचं खालचं टोक चावलेलं नाही, पिंजारलेलं नाही. स्वच्छ आहे, जरासं वळलेलं. दाबलेल्या नळीतून तार सरकून बाहेर आली की टोक असं दिसतं. ती नळी मी दाबली होती, मागच्या वेळी तारा पाठवताना. जाड तार आणि टोमॅनच्या बारीक तारांसाठीची जुनी पक्कड, त्यामुळे नळी नीट आवळलीच गेली नाही. शुक्रवारी रात्री टीव्हीसमोर बसून दाबायची सवय, हातानं बघितलंच नाही की तार बदलली आहे.

तुला हे तिथंच कळलं असणार. तारेचं टोक तुझ्याइतकं ओळखणारं माणूस मला माहीत नाही. दोन वर्षं ज्याच्यासाठी फेकत होतीस तो मासा गेला, आणि त्या थंडीत होडीत उभ्या उभ्या तू ठरवलंस की सारंगला हे कळता कामा नये. काटे चेपलेले होते म्हणून त्यानं आमिष झटकून टाकलं असेल, एवढं समाधान आहे. पण मी विचार करत राहिलो तो तुझ्या हसण्याचा. ते खोटं नव्हतं. मासा पाहिल्याचं ते हसू होतं. त्याच मेलमध्ये मला सांभाळून घ्यायचं खोटं होतं. दोन्ही तुला एकाच वेळी जमलं.

म्हणून मी परवाचा मेल पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं, आईंसमोर. तू परत येते आहेस कारण थंडी सोसत नाही. भाजी चांगली मिळत नाही. टीम बदलणार आहे. मस्की तर काही लागायचा नाही. आई शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, किती कारणं झाली? मी म्हणालो, चार. त्या म्हणाल्या, राधी खरं बोलते तेव्हा एकच कारण देते. शाळेत चित्रकलेच्या तासाला बसली नाही तेव्हा पोट दुखत होतं, बाई आल्या नव्हत्या आणि रंगही संपले होते. मग त्यांनी फोन मागून घेतला, चष्मा लावून फोटो पाहिला आणि परत दिला. थंडी सोसना नाय, मगे हसता कित्याक?

मग मी मागचे मेल काढून पाहिले. सप्टेंबरात फोनवर मी एकदा म्हणालो होतो, घर फार शांत असतं. एवढंच. तू विचारलंस, जेवलास का? त्याच्या पुढच्या मेलपासून तुला थंडी वाजायला लागली आहे. त्या आठवड्यातलं ओटावाचं हवामान मी बघितलं. लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते.

हे पत्र त्यासाठी आहे. घर शांत असतं हे खरं, आणि मला ते आवडत नाही हेही खरं. पण ते माझं आहे, मी त्याचं बघेन. ते तुझ्या उत्तरात धरू नकोस. तुझ्या सांगण्यावरून तिथल्या ऑफिसातल्या लोकांनी त्यांचं अख्खं नेटवर्क नव्यानं मांडायला घेतलं, हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज मला क्षणभर ओळखू आला नव्हता. इतक्या वर्षांत तो आवाज मी फक्त जेटीवर ऐकला होता. मी जूनमध्ये येतो आहे, सीझन उघडतो तेव्हा. रजा मंजूर झाली. आईही येणार म्हणतात, मात्र होडीत बसणार नाहीत. मी तिथं कायमचा येऊ शकतो का, मला तिथं काही काम आहे का, ते मी तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघेन. तू ते आत्ता माझ्या वतीनं ठरवू नकोस. आणि खरंच परत यावंसं वाटत असेल तर ये, मी चांगीला विमानतळावर उभा असेन आणि काही विचारणार नाही. फक्त मला आधी फोन करू नकोस. माझा आवाज ऐकलास की तू पुन्हा मलाच सांभाळशील. आधी ऑफिसला उत्तर दे. मग मला सांग काय दिलंस.

तुझाच,
सारंग