उमसुनाई आपांनी भरून पाठवलेली नळी

आदरणीय तोक्तोबुबू एजे यांस धाकट्या बहिणीचा, झूमाकानचा सलाम.

तुम्ही कशा आहात? भावजींचे गुडघे कसे आहेत, गाय व्यायली का, नातवंडांची पोटे जागेवर आहेत ना? आम्ही धडधाकट आहोत. (माझा रक्तदाब वाढला आहे, त्याचे कारण सांगायलाच हे पत्र.)

कॉलेज सोडताना प्रयोगशाळेतल्या काच फुंकणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या दोघींना एकेक नळी करून दिली होती. एक टोक बंद, अंगावर मिलीलिटरच्या रेघा. पाण्याने भरून उलटी धरली की वायू वर साचतो आणि किती साचला ते डोळ्यांना दिसते. छत्तीस वर्षे मी तिच्यावर शिकवले. आमच्या शाळेत रेघांची नळी तेवढीच. आता जिल्ह्याच्या समितीचे म्हणणे असे, की रसायनाच्या खोलीत प्रयोग होत नसतील तर तिथे कोळसा भरावा. बुधवारी त्यांना वायू मोजून दाखवायचा होता. न दाखवला तर खोली गेली.

नेमकी त्याच सुमारास मी नळी वरच्या गावच्या एशेनबेक मास्तरांना उसनी दिली. (हसू नका. भला माणूस आहे, आणि त्याच्या शाळेत नुसत्या बरण्या आहेत.) त्याने ती बुधवारी सकाळी दुधाच्या गाडीतून वेळेवर पाठवली, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून. गुंडाळली मात्र त्याच्या आईने. कुणाचे भांडे रिकामे परत करू नये हे मलाही आईनेच शिकवले आहे. पण नळी म्हणजे भांडे नव्हे हे ऐंशीच्या उमसुनाई आपांना कोणी सांगावे? त्यांनी तिच्यात ताजा कुमिस काठोकाठ भरला, बूच ठोकले आणि घोड्याच्या केसांच्या दोरीने सात वेढे दिले. घोडीचे दूध आंबताना गप्प बसत नाही, त्यात मे महिन्याचे ऊन आणि आमचा रस्ता.

समिती पुढच्या बाकावर बसलेली. घाई होती म्हणून मी नमदा न सोडताच दोरी कापली. (वेढे पाहून वाटले, काय जपून पाठवली आहे.) बूच ओढले मात्र, ते छताला गेले आणि कुमिस अध्यक्षांच्या चष्म्यावर. वायू तयार होतो हे इतक्या स्पष्टपणे मला छत्तीस वर्षांत दाखवता आले नव्हते. अध्यक्षांनी ओठ चाटले.

"कुठल्या गावचा, बाई?"

"वायू की कुमिस?"

"वायू दिसला हो. मोजला कुठे?"

त्यांना चहा देऊन मी नळी धुवायला बाहेर नेली, आणि परत आणली तेव्हा तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. कुमिसाचा जोर, दुसरे काय! समितीने दहा दिवसांची मुदत दिली. कोळशाची गाडी मात्र सांगून ठेवली आहे.

एशेनबेक सांगत होता, आपांनी जेवण टाकले आहे. "ऐंशी वर्षांत कुणाचं भांडं फोडलं नव्हतं रे मी," एवढेच म्हणतात. भरपाई म्हणून त्यांनी मला कोकरू पाठवले. मी ते परत पाठवले (गळ्यात नान बांधून, नुसते कसे पाठवणार?). माझे स्पष्ट मत आहे, की असल्या रीतींनी विज्ञानाचे वाटोळे केले आहे.

थोरांना सलाम, लहानांच्या कपाळाचा मुका.

तुमची झूमाकान

ता. क. तुमच्या नळीत तुम्ही विणायच्या सुया ठेवता. त्या काढा आणि नळी शनिवारच्या गाडीने पाठवा. खोली तिच्यावर अवलंबून आहे.

आणखी एक. नळी कुमिसाने तडकली नाही. बूच उडाले तेव्हा ती शाबूत होती. रागाच्या भरात मी तिच्यात किटलीतले उकळते पाणी ओतले. गार काचेत उकळते पाणी ओतू नये, असे आमच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. रविवारी वरच्या गावी जाऊन आपांना हे सांगणार आहे, आणि समोर बसून त्यांना जेवायला लावणार आहे.

शेवटचे. नळी रिकामी पाठवू नका. मनुका चालतील, आंबणारे काही नको. आधी ती आपांच्या हातात द्यायची आहे.