दंडावरचा रुमाल

पूर्णा
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९८६
दुपारी साडेतीन. बुटांना लागलेली कॅरमची पावडर झटकत होतो, ते सोडून पत्रास बसलो.

ती. सौ. तानुअक्कास आश्रुबाचा सा. न. वि. वि.

एक गोष्ट तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवतो. येथे रेल्वेच्या हॉलमध्ये रेगो साहेब म्हणून पेन्शनीत गेलेले एक गार्ड नाच शिकवू लागले आहेत. तमाशातला नव्हे. समुद्रापलीकडच्या देशांतला, जोडीने करायचा. आज फरशीवर कॅरमची पावडर टाकून चा-चा-चा झाला, पुढच्या रविवारी रुंबा, त्यानंतर सांबा. पाटीवर 'अगदी नवशिक्यांसाठी' असे लिहिले होते. तरी मी गेलो नसतो, पण हेडक्लार्क दिनकररावांनी नावांची वही पुढे केली आणि मला नाही म्हणता आले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

अडचण अशी की शिकायला एकही बाई आली नाही. खिडकीतून पाहायला मात्र पुष्कळ होत्या. तेव्हा साहेबांनी अर्ध्या पुरुषांच्या दंडाला रुमाल बांधले. रुमालवाला तो बाई समजायचा. मी अंगाने किरकोळ, म्हणून पहिला रुमाल मला. माझा जोडीदार मुंजाजी फायरमन. त्याच्या मिशा तू पाहिल्या आहेस. गड्याने हाताने इशारा करायचा आणि बाईने तो ओळखून सरकायचे. मुंजाजी इशारा करतो तो भट्टीत कोळसा लोटल्यासारखा. तरी माझा पाय एकदाही त्याच्या पायावर पडला नाही. साहेबांनी सर्वांना माझ्याकडे पाहून शिका म्हणून सांगितले. अक्का, शाळा सुटल्यापासून माझ्याबद्दल असे कोणी बोलले नव्हते.

ताडकळसला दत्तरावांच्या कानी मात्र यातले काही जाऊ नये. त्यांच्या रुख्मिणीचा फोटो तू पाठवलास, तेव्हापासून दुसरे स्थळ माझ्या मनातही आलेले नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही राहू द्यावा.

तुझा
आश्रुबा

वालूर
ता. १४ फेब्रुवारी १९८६

चि. आश्रुबास अक्काचे अ. आ.

पत्र वाचलं आन हाताचं पीठ हातालाच राह्यलं. बाबा, तू कळवायच्या आधीच गावाला कळलंय. ती भाजीवाली कडूबाई तुमच्या खिडकीत हुती म्हणं. तिनं ताडकळसच्या बाजारात मेथी इकता इकता सांगितलं, की वालूरच्या किशनरावाचा मेव्हणा दंडाला रुमाल बांधून कंबर हलवायलाय. दत्तरावानं सवता ऐकलं.

तुझे दाजी दोन दिवस झाले माझ्याशी धड बोलंनात. म्हणायलेत, आपुन त्या माणसाला नवरदेव सांगितला का नवरी?

नाच्याला लेक देत न्हाई, असं दत्तराव म्हणले. पण आपल्या डोळ्यानं बघूनच काय ते सांगणार. कवा येतील त्याचा नेम न्हाई. माणूस लय करडा हाय. जत्रंत लेझमीचा मोरक्या, पोरगं चुकलं की काठीनं पिंढरीवर देतो. घरात त्याला उलट बोलणारी एकटी रुख्मिणीच.

तवा रुमाल सोड, त्या मिशावाल्याला सोड, रविवारी मारुतीला जा. फोटो परत मागितला तर कोणत्या तोंडानं देऊ?

रागानं लिवलं तरी माया हाय तेवढीच हाय, हे ध्यानात ठिव.

तुझी अक्का

पूर्णा
रविवार, ता. २३ फेब्रुवारी १९८६
सायंकाळी पाच. रुमालाची गाठ सुटत नव्हती, ती दातांनी सोडवली.

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळेतो रुंबा होऊन गेला होता. तुझ्या आज्ञेप्रमाणे आज जायचे नव्हते. सर्वांना शेवटचे भेटून यावे म्हणून गेलो. पण हॉलमध्ये पाऊल टाकले की कोणी बसून राहायचे नाही, हा साहेबांचा नियम. मी सांगेपर्यंत रुमाल बांधून झाला होता. मुंजाजीच्या अंगठ्यावर शेडमध्ये कोळशाचे ढेकूळ पडल्याने तो आलाच नव्हता. दाराशी एक फेटेवाले बुवा काठी टेकून उभे होते. साहेबांनी त्यांनाही सोडले नाही. काठी काढून घेतली, माझा हात त्यांच्या हातात दिला आणि सांबाची तबकडी लावली.

बुवा आधी खांबासारखे उभे. मग त्या गाण्यात ढोल घुमू लागले, तसे त्यांचे गुडघे आपोआप लवू लागले. सांबात गुडघ्यातच लवायचे असते. आम्हाला ते तासभर जमले नव्हते, यांना आल्या आल्या जमले. त्यांनी मला पुढे ओढले, मागे रेटले, गरकन फिरवले. मी शिकवल्याप्रमाणे इशाऱ्यासरशी सरकत गेलो. एकाएकी ते वाकून उठले, अगदी लेझमीसारखे. तेव्हा तुझे पत्र आठवले. अक्का, तेच ते दत्तराव! पळावे तर पकड बैलाची वेसण धरल्यासारखी. म्हणून मीही वाकलो. सगळ्या हॉलने टाळ्या दिल्या.

तबकडी थांबल्यावर त्यांनी काठी घेतली, माझ्या दंडावरचा रुमाल निरखला आणि नाव विचारले. मी खरे ते सांगितले. ते ऐकून ते काठी टेकत थेट बसस्टँडकडे गेले.

रुख्मिणीचा फोटो सोबत पाठवला आहे. कोपरे दुमडू नयेत म्हणून पुठ्ठा लावला आहे. दाजींनी एवढी खटपट केली, त्यांना तोंड दाखवायची मला हिंमत नाही. जमले तर पूर्वीइतकीच आठवण ठेवावी.

तुझा
आश्रुबा

वालूर
ता. १ मार्च १९८६

चि. आश्रुबास अ. आ.

येड्या, फोटो परत तुझ्याकडंच पाठवलाय. पुठ्ठा ठिवून घेतला.

दत्तराव काल घरी आले. तुझ्या दाजीनं मान खाली घातली, मी चुलीपासून उठलेच न्हाई. ते पाणी प्याले, मिशी पुसली आन म्हणले, पोरगं लय गुणाचं हाय. पुढं म्हणलं की पुढं येतं, मागं म्हणलं की मागं सरतं, पायावर पाय न्हाई, तोंडातून चकार शब्द न्हाई. आमची रुख्मिणी हाय वांड. तिला आडवा जाणारा नवरा दिला तर घरात रोजच कुस्ती. असलाच जावई पाहिजे.

नाचाचं इचारलं तर म्हणले, लेझमीचाच भाऊ हाय तो. साहेबाचा ताल जरा ढिला पडतो, पुढच्या रविवारी जाऊन सांगतो.

सुट्टी काढ आन पोरगी बघायला ये. रुख्मिणीनं निरोप धाडलाय, लग्नानंतर तिला बी शिकायचंय. कडूबाईला मी साडीचोळी करणार हाय. आता तरी सुखानं जेवत जा, तेवढीच आमच्यावर मेहेरबानी.

तुझी अक्का

पूर्णा
बुधवार, ता. ५ मार्च १९८६
सकाळी सात. फोटो चौकटीत बसवत होतो.

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

आनंद लिहून दाखवता येत नाही. पण एक काळजी आहे. मला फक्त रुमालाकडची पावले येतात. रुख्मिणीही तीच शिकली तर आम्ही दोघे इशाऱ्याची वाट पाहत समोरासमोर उभे राहू आणि तबकडी संपून जाईल. मागाहून फसवल्यासारखे व्हायला नको. हे तिला आधीच सांगावे ही हात जोडून विनंती.

तुझा
आश्रुबा

वालूर
ता. १० मार्च १९८६ (कार्ड)

चि. आश्रुबास अ. आ. ताडकळसला जाऊन सांगितलं. रुख्मिणी पदर तोंडाला लावून लय हसली. म्हणली, रुमाल त्यांच्याच दंडाला राहू द्या, पुढं मी हाय. अक्का.