सात दिवस उशिरा केलेला फोन

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

कशी आहेस? इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. माझ्या औषधाच्या दुकानात सर्दी-खोकल्याच्या गिऱ्हाइकांची गर्दी आहे.

तुझे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी गोळी बदलली, हे काल फोनवर कळलं. तू म्हणालीस, "ताई, तू होतीस म्हणून वाचले गं!" मी "चल, काहीतरीच" म्हणून फोन ठेवला. ते मला पचलं नाही, म्हणून लिहितेय.

सहा वर्षं नैराश्यामुळे तू अंथरुणातून उठत नव्हतीस. तुझे केस मी विंचरले, तुला भरवलं. मग ती गोळी आली. मीच तुला समजावलं होतं, मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात आणि लगेच ती रसायनं परत ओढून घेतात. ही गोळी त्यांना थोडा वेळ तिथेच राहू देते. दीड महिन्यात तू गुणगुणायला लागलीस. आई म्हणाली, "माझी लेक परत आली!" मी शेजारीच उभी होते गं. मीही तिची लेकच.

मग तुझी नोकरी, नवरा, नवं घर. तुझं हसू ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. मी सहा वर्षं झिजले, आणि श्रेय एका गोळीला!

दोन तारखेला कंपनीचं पत्र आलं. काही जणांचं यकृत निकामी होतंय, गोळी कायमची बंद, साठा परत पाठवा. त्याच दुपारी मी यादी काढून ती गोळी घेणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. तुला केला नाही.

विसरले नव्हते. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. वाटायचं, जराशी आजारी पडलीस तर पुन्हा माझ्याकडे येशील, पुन्हा मीच उशाशी बसेन. तू मरावंस असं नाही वाटलं, तुझी शपथ. पण हे वाटलं.

नऊ तारखेला एक मास्तर दुकानात आले. गोळी सोडून आठवडा झाला होता, तरी डोळे पिवळेधमक. "बाई, हे त्यानंच का?" त्यांनी विचारलं. त्यांना दवाखान्यात धाडलं आणि तुझा नंबर लावला. गोळी थांबव, आजच डॉक्टरांकडे जा, एवढंच सांगितलं.

आईला काल सगळं सांगितलं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

नवी गोळी लागू पडायला काही आठवडे जातील. मधले दिवस जड जातील, तेव्हा एकटी राहू नकोस. मला बोलव असं म्हणत नाही.

मोठ्या बहिणीनं शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. तो चालेल का, ते तू कळव. तोवर नुसतीच

ताई